काष्ठतरंग : वाद्य, वादक आणि वर्गातील उपयोग
(इयत्ता तिसरी ते सातवी. संगीत, विज्ञान व कार्यानुभव यांचा एकत्रित पाठ)

उपोद्घात

खेड्यातील पुष्कळ शाळांत रेल्वेच्या रुळाचा एखादा तुकडा दोराने टांगलेला असतो व त्यावर लोखंडी टोला मारून तास झाल्याची सूचना दिली जाते. तोच तुकडा खाली उतरवून जमिनीवर ठेवला व त्याच टोल्याने वाजविला, तर घणघणाट नाहीसा होऊन केवळ ‘ठप्’ असा आवाज येतो. वस्तू तीच, टोला तोच. मग नाद गेला कोठे? हा प्रश्न रोज शाळेच्या दारात टांगलेला असतो. परंतु तो विद्यार्थ्यांना क्वचितच विचारला जातो.

या प्रश्नाच्या उत्तरात वाद्यांच्या एका मोठ्या कुळाचे रहस्य आहे. लाकडाच्या वा धातूच्या पट्ट्या लांबीच्या क्रमाने मांडून त्या मोगरीने, म्हणजे टोकाला गोळा असलेल्या काठीने, वाजविण्याची ही वाद्ये होत. लाकडी पट्ट्यांच्या वाद्याला आपल्याकडे काष्ठतरंग म्हणतात. जलतरंग हे त्याचे आपल्या परिचयाचे भावंड. तेथे पट्ट्यांच्या जागी चिनी मातीचे प्याले असतात व पाणी वाढविले की प्याल्याचा स्वर उतरतो. हार्मोनियम, सतार, सारंगी यांच्यासारखी वाद्ये हाती धरण्यापूर्वी दीर्घ तयारी लागते. काष्ठतरंगाचा पहिला शुद्ध स्वर मात्र बालकाला पहिल्याच दिवशी मिळतो. प्राथमिक शाळेच्या दृष्टीने या वाद्याचे मोल येथेच आहे.

पाठाचे उद्देश

(१) नाद हा कंपनातून निर्माण होतो, हे विद्यार्थ्यांना डोळ्यांनी पाहता यावे. (२) पट्टीची लांबी व स्वराची उंची यांचा संबंध त्यांना मापनाने कळावा. (३) निरनिराळ्या देशांतील वादकांचा परिचय व्हावा. (४) संगीताच्या तासाला एकही विद्यार्थी केवळ प्रेक्षक म्हणून बसून राहू नये.

चौथा उद्देश सर्वांत महत्त्वाचा मानावा. समूहगीताच्या वेळी ज्याचा गळा स्वरात लागत नाही, त्याला ‘तू नुसते ओठ हलव’ असे सांगण्याची प्रथा अनेक शाळांत आढळते. सांगणाऱ्याच्या मनात दुष्टावा नसतो. कार्यक्रम नीट व्हावा एवढीच इच्छा असते. तथापि नऊ वर्षांच्या मुलाच्या मनावर ते वाक्य कायमचे कोरले जाते. पुढे जन्मभर तो ‘मला गाण्यातले काही कळत नाही’ असे सांगत राहतो, आणि ही समजूत त्याला शाळेनेच दिलेली असते.

नादाचे शास्त्र

लाकडाची पट्टी मध्यभागी ठोकली म्हणजे ती वर-खाली लवू लागते. मधला भाग खाली जातो तेव्हा दोन्ही टोके वर येतात. मधला भाग वर येतो तेव्हा टोके खाली जातात. ही हालचाल सेकंदाला शेकडो वेळा होत असल्यामुळे डोळ्यांना दिसत नाही. परंतु या सर्व धडपडीत पट्टीवरील दोन जागा जवळजवळ स्थिर राहतात. त्यांना निस्पंद जागा म्हणतात. सर्वत्र सारखी जाडी असलेल्या पट्टीत ही जागा प्रत्येक टोकापासून एकूण लांबीच्या शेकडा २२.४ इतक्या अंतरावर असते.

पट्टीला आधार द्यावयाचा तो याच दोन ठिकाणी. तेथे दोरी बांधली, तेथे रबर ठेवले, तरी कंपनाला अडथळा होत नाही. अन्यत्र आधार दिला की कंपन दबते. रुळाचा तुकडा जमिनीवर मुका होतो याचे कारण हेच. त्याच्या सबंध अंगाला जमीन धरून ठेवते.

दुसरा नियम लांबीचा. तार अर्धी केली तर स्वर एका सप्तकाने चढतो, हे पुष्कळ शिक्षकांना ठाऊक आहे. पट्टीचा न्याय वेगळा आहे. पट्टी अर्धी केली तर कंपनसंख्या दुप्पट न होता चौपट होते, म्हणजे स्वर दोन सप्तकांनी चढतो. म्हणून एक सप्तक चढविण्यासाठी पट्टी अर्धी न करता तिची लांबी मूळच्या शेकडा ७१ च्या आसपास ठेवावी लागते. तसेच पट्टी जाड असेल तर स्वर चढतो व पातळ असेल तर उतरतो. स्वर जुळविण्याची कारागिरांची रीत यावरूनच निघाली आहे : स्वर चढवावयाचा असेल तर टोक थोडे कापावे, उतरवावयाचा असेल तर पट्टीच्या खालच्या बाजूचा मध्यभाग किंचित तासावा.

पट्टीचा आवाज एकट्याने लहान असतो. तिच्याखाली योग्य मापाचा पोकळ भोपळा, नळी वा पेटी ठेवली म्हणजे आतील हवाही त्या स्वराबरोबर कंप पावते व नाद भरदार होतो. खालच्या स्वराला मोठी पोकळी लागते, वरच्या स्वराला लहान.

वाद्ये व त्यांचे वादक

*आफ्रिकेतील बालाफोन.* पश्चिम आफ्रिकेत या वाद्याला बालाफोन किंवा बाला म्हणतात. लाकडी पट्ट्यांखाली सुकविलेले भोपळे बांधलेले असतात. भोपळ्याला एक लहान छिद्र पाडून त्यावर पूर्वी कोळ्याच्या अंडकोशाचा पातळ पापुद्रा चिकटवीत. त्यामुळे स्वराला विशिष्ट असा गुणगुणणारा झणकार मिळतो. गिनी देशातील न्यागासोला या गावी ‘सोसो बाला’ नावाचे एक प्राचीन वाद्य कुयाते कुळाने पिढ्यानपिढ्या सांभाळले आहे. तेराव्या शतकातील सोसोचा राजा सुमांगुरू कांते याचे ते वाद्य होते, अशी परंपरा आहे. कुयाते हे केवळ वादक नव्हेत; राजवंशांचा इतिहास मुखोद्गत ठेवणारे व तो वाद्याच्या साथीने सांगणारे हे घराणे आहे. आपल्याकडील भाट व शाहीर यांची येथे आठवण होते. युनेस्कोने २००१ साली या परंपरेचा गौरव केला व २००८ साली मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत तिचा समावेश झाला. माली, बुर्किना फासो व कोत दिव्वार या देशांतील सेनुफो लोकांचा बालाफोन पाच स्वरांचा असतो व त्याचा सांगाडा एका बाजूला रुंद, दुसऱ्या बाजूला अरुंद असतो. त्या आकाराचे कारण विद्यार्थ्यांना पुढील कृतीत आपोआप उमगेल.

*मध्य अमेरिकेतील मारिंबा.* गुलाम म्हणून समुद्रापार नेलेल्या आफ्रिकी लोकांबरोबर या वाद्याची विद्या मध्य अमेरिकेत पोहोचली. हाती काहीही नसलेल्या माणसांनी स्मरणातील वाद्य परक्या लाकडातून पुन्हा घडविले. ग्वाटेमाला व मेक्सिकोचा चियापास प्रांत येथे मारिंबा इतका रुजला, की एकाच लांब वाद्यापाशी तीन-चार वादक ओळीने उभे राहून ते वाजवितात. ग्वाटेमालाने १९७८ साली मारिंबाला राष्ट्रीय वाद्य म्हणून मान्यता दिली.

*जपानमधील केइको आबे.* १९३७ साली जन्मलेल्या या विदुषीने मारिंबाला स्वतंत्र मैफलीचे स्थान मिळवून दिले. प्रत्येक हातात दोन अशा चार मोगऱ्या धरून त्या वाजवितात. त्यांनी स्वतः रचना केल्या, इतर संगीतकारांकडून नव्या रचना करवून घेतल्या आणि यामाहा कंपनीच्या कारागिरांबरोबर वर्षानुवर्षे काम करून वाद्याचा विस्तार वाढविला. पाच सप्तकांचा मारिंबा १९८४ च्या सुमारास त्यातून सिद्ध झाला.

*धातूच्या पट्ट्यांचा व्हायब्राफोन.* हे वाद्य १९२० नंतरच्या दशकात अमेरिकेत तयार झाले. पट्ट्यांखालील नळ्यांच्या तोंडाशी विजेच्या यंत्राने फिरणाऱ्या चकत्या असतात. त्यामुळे स्वराला लहरीसारखे आंदोलन येते. लायनेल हॅम्प्टन यांनी १९३० साली लुई आर्मस्ट्राँग यांच्याबरोबर त्याचे ध्वनिमुद्रण केले व जाझ संगीतात या वाद्याला स्थान मिळाले.

शाळेसाठी घडलेले वाद्य

शिक्षकांच्या दृष्टीने सर्वांत बोधप्रद वृत्तांत जर्मनीतील म्यूनिक शहराचा आहे. तेथे १९२४ साली डोरोटे ग्युंथर यांनी व्यायाम, नृत्य व संगीत यांची एक शाळा काढली. संगीतकार कार्ल ऑर्फ (१८९५–१९८२) तेथे संगीताची बाजू सांभाळीत. पियानोपुढे विद्यार्थी बिचकतात, अंग आखडून बसतात, हे त्यांनी पाहिले. त्यांना असे वाद्य हवे होते, की ज्यावर शिकाऊ माणूस पहिल्या तासापासून स्वतः काही रचू शकेल. आफ्रिका व इंडोनेशिया येथील पट्ट्यांची वाद्ये डोळ्यांपुढे ठेवून कार्ल मेंडलर या वाद्यकारागिराने लहान, सुटसुटीत काष्ठतरंग बनविले. गुनिल्ड केटमन (१९०४–१९९०) या ऑर्फ यांच्या सहकारी शिक्षिकेने त्या वाद्यांसाठी पाठ व रचना तयार केल्या.

दुसऱ्या महायुद्धात ही शाळा बंद पडली. इमारत व बहुतेक वाद्ये नष्ट झाली. परंतु कल्पना नष्ट झाली नव्हती. १९४८ साली बव्हेरियाच्या नभोवाणीने शाळेतील मुलांसाठी या पद्धतीचे कार्यक्रम सुरू केले, आणि पुढे ऑर्फ व केटमन यांनी बालसंगीताचे पाच खंड १९५० ते १९५४ या काळात प्रसिद्ध केले. १९६१ साली साल्झबर्ग येथे या पद्धतीच्या शिक्षकांसाठी स्वतंत्र संस्था स्थापन झाली.

ऑर्फ यांच्या वाद्याची युक्ती साधी आहे. त्याच्या पट्ट्या काढता येतात. ज्या पट्ट्या नकोत त्या उचलून बाजूला ठेवावयाच्या. मध्यम व निषाद यांच्या पट्ट्या काढल्या की सा, रे, ग, प, ध हे पाच स्वर उरतात. या पाचांत अगदी जवळचे, एकमेकांना खटकणारे स्वर राहत नाहीत. मग दहा मुलांनी एकाच वेळी, एकाच लयीत, कोणत्याही पट्टीवर ठोका मारला तरी कर्कश होत नाही. चूक करण्याची जागाच वाद्यातून काढून घेतलेली आहे. मुलाने लय सांभाळावी एवढेच मागणे उरते. आपल्या शिक्षकांना हे पाच स्वर परके नाहीत. भूप रागाचे स्वर हेच होत.

वाद्य तयार करण्याची कृती

गावातील सुताराकडे उरलेल्या फळीतून हे वाद्य होऊ शकते. लाकूड सागाचे वा शिसवीचे, पूर्ण वाळलेले व गाठ नसलेले असावे. सर्व पट्ट्या शक्यतो एकाच फळीतून कापाव्या. रेषा लांबीच्या दिशेने जाव्या. रुंदी ४ सें.मी. व जाडी १.५ सें.मी. सर्वत्र सारखी ठेवावी. मापे पुढीलप्रमाणे :

सा : लांबी ४०.० सें.मी.; आधाराची जागा प्रत्येक टोकापासून ९.० सें.मी.
रे : लांबी ३७.७ सें.मी.; आधार ८.४ सें.मी.
ग : लांबी ३५.८ सें.मी.; आधार ८.० सें.मी.
प : लांबी ३२.७ सें.मी.; आधार ७.३ सें.मी.
ध : लांबी ३१.० सें.मी.; आधार ६.९ सें.मी.
वरचा सा : लांबी २८.३ सें.मी.; आधार ६.३ सें.मी.

लाकूड हे यंत्रातून निघालेले द्रव्य नव्हे. एकाच फळीच्या दोन बाजूंतही फरक असतो. म्हणून प्रत्येक पट्टी प्रथम दोन-तीन मिलिमीटर लांब ठेवावी व नंतर कानाने जुळवीत कापावी. पहिली पट्टी शाळेतील पेटीच्या जवळच्या स्वराशी मिळवून घ्यावी. बाकीच्या तिच्या आधाराने लावाव्या. मापे वाट दाखवितात. निर्णय कानाने द्यावयाचा असतो.

आधारासाठी दोन लाकडी दांड्या घेऊन त्यांवर सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या चिकटवाव्या. दांड्यांमधील अंतर ‘सा’कडे सुमारे २२ सें.मी. व वरच्या ‘सा’कडे सुमारे १५.५ सें.मी. ठेवावे लागते, म्हणून त्या तिरप्या होतात. ‘सांगाडा असा निमुळता का झाला?’ असे येथे विचारावे. सेनुफो कारागिरांच्या सांगाड्याचे उत्तर विद्यार्थी स्वतःच देतील. पट्ट्या घसरू नयेत म्हणून त्यांच्यामध्ये खिळे मारावे. पट्टीला मात्र खिळा मारू नये. सांगाडा एखाद्या रिकाम्या लाकडी खोक्यावर ठेवला असता आवाज वाढतो.

मोगरीसाठी सुमारे ३० सें.मी. लांबीची बांबूची काठी घेऊन टोकाला रबरी गोळा बसवावा किंवा लोकरीचा धागा घट्ट गुंडाळावा. धारदार टोके घासून घ्यावी.

पाठाची मांडणी

*पहिला तास.* शाळेच्या टोलाचा प्रश्न विचारून प्रारंभ करावा. नंतर ‘सा’ची पट्टी रबरावर ठेवून तिच्यावर रांगोळीची पूड पातळ पसरावी व मध्यभागी हलके हलके ठोके मारावे. पूड उडत उडत दोन आडव्या रेषांवर जमते. त्या रेषा टोकापासून किती अंतरावर आहेत, हे विद्यार्थ्यांनी पट्टीने मोजावे व लांबीशी ताडून पाहावे. पुस्तकातील वाक्य येथे हाताखाली खरे ठरते. त्यानंतर आधार रेषेवरून मध्याकडे सरकवावा व नाद कसा दबतो ते ऐकवावे.

*दुसरा तास.* केवळ ग व प या दोन पट्ट्या ठेवाव्या. शिक्षकाने चार मात्रांचा एक लहान प्रश्न वाजवावा. विद्यार्थ्याने चार मात्रांत स्वतःचे उत्तर वाजवावे. उत्तर प्रश्नासारखे असावे असा आग्रह धरू नये. मोगरी मुठीत आवळू नये. ठोका मारताच ती परत उसळू द्यावी. पट्टीच्या मध्यावर ठोका मारावा. आधारावर मारल्यास आवाज बसका येतो.

*तिसरा तास.* सर्व पट्ट्या मांडाव्या. एका विद्यार्थ्याने सा व प यांवर संथ लय धरावी, दुसऱ्याने त्यावर आपल्या मनाची चाल वाजवावी, बाकीच्यांनी टाळ्या वा टिपऱ्या यांनी मात्रा दाखवाव्या. दर आठ मात्रांनी वादक बदलावा. वर्गातील प्रत्येक नाव हजेरीपटाच्या क्रमाने आले पाहिजे. हात वर करणाऱ्यांपुरता पाठ मर्यादित राहू नये. ज्याला ओठ हलविण्यास सांगितले गेले होते, त्याच्याकडे ‘सा’ची संथ लय सोपवावी. त्याच्या ठोक्यावर सर्व वर्ग चालतो, हे त्याच्याही ध्यानात येईल व वर्गाच्याही.

कमी ऐकू येणारा विद्यार्थी

स्कॉटलंडमधील एव्हलिन ग्लेनी यांचे उदाहरण प्रत्येक शिक्षकाने जाणून घ्यावे. १९६५ साली ॲबरडीनशायरमध्ये एका शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. लहानपणीच श्रवणशक्ती कमी होऊ लागली व बाराव्या वर्षापर्यंत त्या जवळजवळ पूर्ण बधिर झाल्या. त्यांच्या शाळेतील तालवाद्यांचे शिक्षक रॉन फोर्ब्स यांनी त्यांना संगीताच्या वर्गातून वगळले नाही. ते मोठ्या नगाऱ्यांचे स्वर लावीत व विद्यार्थिनीला तळहात भिंतीवर टेकवून उभे राहण्यास सांगत. कोणता स्वर अंगाच्या कोणत्या भागात जाणवतो, हे ती हळूहळू ओळखू लागली : खालचे स्वर पायांत, वरचे स्वर चेहरा, मान व छाती यांच्या भागात.

लंडनच्या रॉयल ॲकॅडमी ऑफ म्युझिकने बधिर विद्यार्थिनीचे भवितव्य काय, या विचाराने त्यांना प्रारंभी नकार दिला. त्यांनी तो मानला नाही. वादन ऐकून निर्णय घ्यावा असा आग्रह धरला व प्रवेश मिळविला. पुढे एकल तालवादक म्हणून त्या जगभर प्रसिद्ध झाल्या. मारिंबा हे त्यांच्या प्रमुख वाद्यांपैकी एक. व्यासपीठावर त्या बहुधा अनवाणी उभ्या राहतात. जमिनीतून येणारे कंपन पायांना कळावे हा त्यामागील हेतू. २०१२ साली लंडन येथील ऑलिंपिकच्या उद्घाटनसमारंभात एक हजार तालवादकांचे नेतृत्व त्यांनी केले. २०१५ साली त्यांना पोलर संगीत पारितोषिक मिळाले.

या चरित्रात शिक्षकाचे काम किती लहान व किती मोठे होते, ते पाहावे. फोर्ब्स यांनी महागडे साधन आणले नाही. ‘आणखी कशाने ऐकता येईल?’ एवढा प्रश्न त्यांनी विचारला व विद्यार्थिनीला उत्तर शोधण्यास वेळ दिला.

आपल्या वर्गात असा विद्यार्थी असल्यास त्याचे तळहात खोक्याच्या बाजूवर टेकवावे व प्रथम सर्वांत लांब पट्टी वाजवावी. फुगविलेला फुगा दोन्ही हातांत धरण्यास दिला असता कंपन अधिक स्पष्ट जाणवते. हा अनुभव सर्वच विद्यार्थ्यांना द्यावा, म्हणजे एकाकडेच सर्वांचे लक्ष वेधले जाणार नाही. जो वारंवार सूचना चुकतो, बोलणाऱ्याच्या ओठांकडे पाहतो किंवा एक कान पुढे करतो, त्याची वैद्यकीय तपासणी करून घेण्याविषयी पालकांना अवश्य सुचवावे. वाद्य हे उपचार नव्हे. परंतु ते वर्गाचे दार उघडे ठेवते.

पाठाअंती विचारावयाचे प्रश्न

(१) टांगलेला रूळ घणघणतो, जमिनीवरचा का नाही? (२) तार अर्धी करणे व पट्टी अर्धी करणे यांच्या परिणामांत कोणता फरक आहे? (३) पट्टीचा स्वर उतरवावयाचा असेल तर ती कोठे तासावी? (४) पाच स्वरांच्या वाद्यावर अनेक मुलांचे वादन कर्कश का होत नाही? (५) गावातील कोणकोणत्या वस्तू ठोकल्या असता निश्चित स्वर देतात? प्रत्येक गटाने पाच वस्तूंची यादी करून आणावी व त्या कशा टांगाव्या वा ठेवाव्या हे लिहावे.

शिक्षकांसाठी सूचना

या पाठाची परीक्षा वार्षिक समारंभातील टाळ्यांनी करू नये. तिसऱ्या तासानंतर हजेरीपट समोर घ्यावा आणि ज्या ज्या विद्यार्थ्याच्या हाती मोगरी आली त्याच्या नावापुढे खूण करावी. एकही नाव खुणेवाचून राहिले असेल, तर पुढील तासाचा आरंभ त्याच नावाने करावा.